ऋतूची घाई

मे सरता सरता, वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की शेवळं बाजारात येतात. कल्याण, ठाणे, वसई, पनवेल, अलिबाग या बाजूच्या मंडयांबाहेर एखादी ठाकर किंवा कातकरी बाई सागाच्या पानांवर जुड्या मांडून बसलेली दिसते. जांभळट तपकिरी, लांबट, टोकाला निमुळत्या कळ्या आणि शेजारी हिरव्या आंबट काकडांचे छोटे वाटे. शेवळ हे सुरणाच्या कुळातलं रोप. वर्षातले बरेच महिने ते कंदाच्या रूपात जमिनीखाली पडून असतं. पहिली ओल खाली पोचली की आधी फूल वर येतं, पान मागाहून. फूल उमलायच्या आत खुडलं तर त्याची भाजी होते. उमललं की त्याला उग्र, कुजका वास सुटतो आणि माश्या जमतात. पाऊस नीट लागला की शेवळं संपली. दोन-तीन आठवडे, फार तर.

नुसती शेवळं मिळूनही भागत नाही. त्यांच्या अंगात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. म्हणून हाताला तेल लावून ती साफ करायची, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं, तेलावर चांगलं परतायचं आणि काकडं ठेचून काढलेल्या आंबट पाण्यात शिजवायचं. काकडं नसतील तर चिंच चालते, पण काकडांची सर तिला येत नाही. आणि काकडाच्या झाडाची फळं नेमकी शेवळांच्याच दिवसांत हाताशी असतात. सीकेपी घरांत या भाजीत सोडे किंवा खिमा पडतो, पाड्यांवर ती साधी असते. डोंगरात कधी जायचं, कळी किती वर आली की खुडायची, कोणता भाग टाकायचा, खाज कशाने मोडते, हे सगळं पानांवर जुड्या मांडून बसलेल्या त्या बाईला ठाऊक असतं. कुणी विचारलं तर ती वाटा बांधता बांधता सांगतेही. विचारणारे कमी झाले आहेत.

हे पुस्तक ऋतूंबरोबर खाण्याविषयी आहे, आणि ते मी शेवळांपासून सुरू केलं आहे. जानेवारीपासून नाही आणि चैत्रपाडव्यापासूनही नाही. आपल्याकडे वर्षाचं खाणंपिणं ठरवतो तो पाऊस. तो येण्याआधीचे दिवस त्याच्या तयारीत जातात, तो असतानाचे त्याच्या तडाख्यात आणि तो गेल्यावरचे त्याने जे दिलं त्यावर. म्हणून प्रकरणांची नावं महिन्यांची न ठेवता पावसाच्या नक्षत्रांची ठेवली आहेत, आणि पाऊस संपल्यानंतरचा भाग सुगी, थंडी आणि उन्हाळा असा सैल विभागला आहे.

नक्षत्रांमागे कारण आहे. सूर्य मृगात जातो तो 7-8 जूनला. तिथून पुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. एकेक नक्षत्र साधारण 13-14 दिवसांचं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्तीचा. शेतकरी अजून या नावांनीच पावसाबद्दल बोलतो आणि पेरणीचा, लावणीचा हिशेब याच मापाने धरतो. रानातल्या भाज्यांनाही हेच माप बसतं. सहा ऋतूंचा एकेक ऋतू दोन महिन्यांचा, तो त्यांना फार मोठा पडतो. टाकळ्याचं पहिलं कोवळं पान, फोडशीची गवतासारखी पाती, भारंगीचा कोवळा पाला, चाईचा मोहोर, करटुली, कुर्डू, बांबूचे कोंब हे सगळं पावसाळ्यातच येतं, पण एकाच वेळी येत नाही. एक सरतं तेव्हा दुसरं उगवतं. आर्द्रा नक्षत्रात लुसलुशीत असलेला टाकळा मघात निबर झालेला असतो आणि हस्तात त्याला पिवळी फुलं येऊन शेंगा धरू लागतात.

मला या पुस्तकात जे सांगायचं आहे ते इथेच आहे. ऋतूबरोबर जगणं म्हणजे संथ जगणं, असं हल्ली सर्रास मानलं जातं. शहरातला धावता माणूस थोडा थांबावा, चुलीवरची भाकरी खावी, चांदणं बघावं ही ओढ खरी आहे आणि मला ती क्षुल्लक वाटत नाही. रोममध्ये 1986 साली मॅकडोनाल्डच्या दुकानाविरुद्ध कार्लो पेत्रिनी आणि त्यांचे सोबती उभे राहिले, त्यातून स्लो फूड चळवळ निघाली, 1989 मध्ये पॅरिसमध्ये तिचा जाहीरनामा मांडला गेला, गोगलगाय हे तिचं चिन्ह ठरलं. स्थानिक बियाणं, स्थानिक चव, पिकवणाऱ्याला रास्त दाम या तिच्या मागण्या आपल्याही आहेत. पण कोकणातल्या किंवा मावळातल्या एखाद्या घरात एक वर्ष राहून पाहिलं तर ऋतूबरोबर चालणारं घर गोगलगाईच्या गतीने चालत नाही हे लक्षात येतं. तिथे घाई असते. ती घड्याळाची नसते, फळाची असते, ढगाची असते, ओहोटीची असते. वर्षाचे बरेचसे दिवस वाट पाहण्यात जातात, आणि मग एकदम चार दिवस असे येतात की हातातलं सगळं टाकून उठावं लागतं. वाट पाहणं आणि वेळेवर उठणं, या दोन्ही गोष्टी मिळून ते जगणं होतं. त्यातलं पहिलं तेवढं उचलून आपण त्याला संथपणा म्हणतो.

वैशाख आठवून पाहा. कोकमं पिकायला लागतात ती एप्रिलपासून. फळ फोडून बिया आणि गर काढायचा, साली उन्हात घालायच्या. गराच्या रसात मीठ विरघळवायचं, सुकत आलेल्या साली त्यात बुडवून पुन्हा उन्हात. हे पुन:पुन्हा, साली काळपट मऊ होईपर्यंत. आठवडाभर कडक ऊन मिळालं तर आमसुलं नीट होतात. मध्येच आभाळ आलं तर बुरशी. झाडावरची सगळी फळं काही मे महिन्यात पिकून मोकळी होत नाहीत. उशिरा पिकणारी पावसात सापडतात आणि झाडाखाली सडतात. कोकमाचं असं दरवर्षी नुकसान होतं, आणि ते थोडं नसतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने पाऊस चार दिवस पुढे जात नाही. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात घरातली सगळी माणसं अंगणात असतात.

त्याच अंगणात फणसाची पोळी, आंब्याची साटं, कोहळ्याचे सांडगे. घाटावर कुरडया: गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो भल्या पहाटे शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून गाळून खाटेवर पसरायचा. एकट्या बाईचं हे काम नव्हेच. गल्लीतल्या चार घरांच्या बायका आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे असा फेर धरतात. पावसाआधीच्या या साठवणीला कोकणात आगोट म्हणतात. गोव्यात तिचं नाव पुरुमेंत. मडगावला पावसाच्या तोंडावर पुरुमेंताचं फेस्तच भरतं आणि सुकी मासळी, मिरच्या, चिंच, कोकमं, कांद्याच्या माळा यांनी रस्ते भरून जातात. आगोटीच्या यादीत काय नसतं? मीठ, मिरची, तांदूळ, कडधान्यं, सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा, सोडे, चुलीसाठी सुकं जळण, मातीत घोळून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. पावसात पुढचे चार महिने काय मिळणार नाही, याची इतकी नेमकी जाण ज्या घराला असते त्या घराला ऋतू पाठ असतो. दुकान बारा महिने उघडं झालं आणि ही यादी करण्याची गरज संपली. सोय झाली, हे खरंच आहे. आगोटीच्या कष्टांनी पाठी मोडलेल्या बायकांना ही सोय नाकारायचा अधिकार मला नाही.

समुद्रही हेच शिकवतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. हा कायदा अलीकडचा. कोळीवाड्याचा शिरस्ता त्याहून जुना. खवळलेला दर्या आणि अंडी घालणारी मासळी, दोन्ही कारणांनी होड्या वर ओढून झाकून ठेवायच्या, जाळी विणायची-दुरुस्त करायची, सुक्या मासळीवर दिवस काढायचे आणि श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मग पुन्हा वल्ही हातात घ्यायची. सरंगा, म्हणजे रुपेरी पापलेट, 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर झाला तो मानासाठी तर आहेच, पण तो कमी होत चालला म्हणूनही. तळहाताएवढी पापलेटं बाजारात वाट्याने विकली जातात तेव्हा पुढच्या वर्षांची मासळी आपण आजच खाऊन टाकतो. गोड्या पाण्यातली गोष्ट आणखी अवघड. पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी चढलं की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर येतात. हे चढणीचे मासे पकडायला गावंच्या गावं कंदील, टॉर्च, पाग घेऊन रात्री ओढ्यावर लोटतात. त्या रात्रींचा आनंद मोठा असतो. पण पोटात अंडी असलेली मासळी आता पूर्वीइतक्या बेफिकिरीने मारता येणार नाही. जुनी प्रत्येक रीत जपावी असं मला वाटत नाही, आणि ही त्यातली एक.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण ऋतू आणि खाणं या विषयावरच्या देखण्या पुस्तकांत ती बहुधा गाळली जाते. ती म्हणजे भूक.

आषाढ, श्रावण आणि भाद्रपद हे सह्याद्रीच्या पाड्यांवर टंचाईचे महिने. भाताची आवणी झालेली, अंगातलं बळ चिखलात गेलेलं, कणगीतलं धान्य तळाला लागलेलं, आणि नवं भात घरात यायला दसरा-दिवाळी उजाडायची. मजुरीही या काळात मिळत नाही. रानभाज्या नेमक्या याच वेळी उगवतात आणि त्याच जेवण होतात. भाजीसोबत भाकरी नसते, भाकरीच्या जागी भाजी असते. कडूकंदाचं उदाहरण घ्या. तो कच्चा खाल्ला तर विषारी. त्याचे पातळ काप करायचे, राखेच्या पाण्यात उकळायचे, मग टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात रात्रभर ठेवायचे. कडवटपणा वाहून गेला की पोट भरायचं. इतकी लांबलचक कृती कुणी हौसेने शोधलेली नसणार. ती पोटातल्या आगीने शोधायला लावली. चुकलेल्यांना त्याची किंमत मोजावी लागली असेल, आणि जे वाचले त्यांनी पुढच्यांना सांगितलं.

देशावर 1972 चा दुष्काळ ज्यांनी भोगला ती माणसं मिलोच्या लाल भाकरीची आणि सुकडीची आठवण काढतात, आणि त्याच दमात तरोटा, घोळ, तांदुळजा, पाथरी, आंबाडी अशी नावंही घेतात. त्या पिढीतले पुष्कळ जण पुढे आयुष्यभर तरोट्याला हात लावायला तयार नव्हते. टाकळा आणि तरोटा एकच. मुंबईच्या एखाद्या उपाहारगृहात तो आज खोबरं पेरून छोट्या वाटीत येतो, कौतुकाने खाल्ला जातो. या कौतुकाला माझा विरोध नाही. पण पाना-पानामागे कुणाची तरी उपासमार आहे, आणि ती टाळण्यासाठी कमावलेली अक्कल आहे, हे ठाऊक असून खावं. आणि वाट्याच्या भावात घासाघीस करू नये. पहाटे उठून डोंगर चढायचा, भाजी खुडायची, निवडायची, जुड्या बांधायच्या, एसटी किंवा लोकल पकडून शहरात यायचं, पावसात दिवसभर बसायचं. हे सगळं करणारीला त्या ज्ञानाचे पैसे कुणी देत नाही, फक्त पाल्याचे देतात.

शास्त्रांनी आणि व्रतांनी ऋतूकडे कसं पाहिलं त्यासाठी एक प्रकरण आहे, ते मुद्दाम आटोपशीर ठेवलं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय ऋतूनुसार आहारविहार सांगतो. अष्टांगहृदयात तिसरा अध्याय ऋतुचर्येचा. पावसाळ्यात अग्नी मंदावतो, म्हणून हलकं, गरम, जुनं धान्य खावं ही त्यातली शिकवण घराघरांत मुरलेली आहे. त्यातला एक बारकावा मला विशेष मोलाचा वाटतो: संपत्या ऋतूचे शेवटचे 7 दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले 7 दिवस मिळून ऋतुसंधी मानला आहे, आणि या पंधरवड्यात जुनी सवय हळूहळू सोडत नवी हळूहळू धरावी असं सांगितलं आहे. संथपणा कुठे हवा, तर इथे, शरीरापाशी.

व्रतांपैकी ऋषिपंचमी मला सगळ्यांत खोल वाटते. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगर फिरलेल्या जमिनीतलं धान्य वर्ज्य. मग ताटात येतं ते परसात आणि कुंपणावर आपसूक वाढलेलं: अळू, माठ, आंबाडी, लाल भोपळा, पडवळ, सुरण, मक्याचं कणीस, आणि भाताच्या जागी देवभात किंवा वरी. सगळ्याची एकत्र भाजी, पुष्कळ घरांत बिनफोडणीची. तीळ-तांदूळ पिकवायला शिकण्याआधी माणूस कसं जेवत असेल, याची एक दिवसाची आठवण महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांनी जपून ठेवली आहे. आदल्या दिवशी मोदकांची गडबड असते म्हणून हा दिवस झाकला जातो. या पुस्तकात त्याला चार पानं जास्त दिली आहेत.

पावसाळ्यावर इतकं लिहिल्यावर थंडीचं काय, असं देशावरचा वाचक विचारेल. त्याचं बरोबर आहे. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड, अहिल्यानगर या पट्ट्याचं खरं वैभव पाऊस गेल्यावर सुरू होतं. रब्बीची ज्वारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर वाढते. पौष-माघात कणसात दाणा भरतो पण वाळलेला नसतो, हिरवा, दुधाळ, गोड असतो, तेव्हा हुरडा. एका शेतात तो आठवडा-दहा दिवस मिळतो. त्याआधी दाण्यात नुसतं पाणी, त्यानंतर पिठूळपणा. म्हणून जाणता शेतकरी गूळभेंडी, सुरती अशा हुरड्याच्या ज्वाऱ्या थोड्या थोड्या अंतराने पेरतो. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खुपसलेली कणसं, भाजली की गरम गरम हातावर चोळून दाणे सुटे करणारी माणसं. तोंडी लावायला तिळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हुरडा ताटात वाढून घरी पाठवता येत नाही. पाच मिनिटांत त्याची चव उतरते. जिथे पिकला तिथे, भाजणाऱ्याच्या शेजारी बसूनच तो खावा लागतो. शेतकरी पाहुण्यांना शेतावर बोलावतो ते त्यामुळे.

त्याच भागात मार्गशीर्ष अमावस्येला वेळ अमावस्या, लोकांच्या तोंडी येळवस. कडब्याच्या खोपीत पांडव मांडायचे, सगळं गाव शेतात, घरं ओस. ज्वारीची आंबिल, बाजरीचे उंडे, आणि त्या दिवसांत शिवारात जे जे ओलं मिळतं ते सगळं घालून केलेली भज्जी: तूर, वाटाणा, हरभरा, वाल, पातीचा कांदा, मेथी. पुढे थोड्या दिवसांनी भोगीला साऱ्या महाराष्ट्रात जवळजवळ हीच मांडणी येते, ओला हरभरा, गाजर, वांगं, पापडी, बोरं, ऊस, तीळ आणि बाजरीची भाकरी. या दोन भाज्यांची पातेली म्हणजे शिवाराची हजेरी आहे. कोणती गोष्ट यंदा भाजीत नाही यावरून शेतात काय पिकायचं बंद झालं ते कळतं. सोयाबीन आणि ऊस वाढत गेले तशी पुष्कळ गावांत करडई, जवस, मटकी, हुलगा भाजीतून आणि चटणीतून मागे सरकत गेली.

आता ऋतूच घसरू लागले आहेत. हापूसला मोहोर यायला थंड, कोरड्या रात्री लागतात. ऐन मोहोरात ढगाळ दमट हवा आली की तुडतुडे आणि भुरी. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मुरुड, म्हसळ्याच्या वाड्यांमधली सुपारी, नारळ, कोकम, फणस एका दुपारी आडवी झाली. सुपारीचं नवं रोप फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात. ज्या घराची आमसुलं परसातल्या दोन झाडांवर होती त्या घराने दुसऱ्या वर्षी ती विकत आणली. मृगात पाऊस येईलच हा भरवसा उडाला की नक्षत्रांचं माप धरून शेवळांची वाट पाहणारी बाईसुद्धा चुकते. दुसरीकडे शहरात दहा मिनिटांत घरपोच वाटाणे, जून महिन्यात गाजरं, डिसेंबरात आंब्याचा रस. मुलांना वाटाणा थंडीतला आहे हे सांगावं लागतं. ऋतू शेतात विस्कटला आहे आणि ताटातून पुसला गेला आहे, दोन्ही एकाच वेळी. ताटात तो दिसेनासा झाला म्हणून शेतातली पडझड आपल्याला जाणवत नाही, असं मला वाटतं, आणि हे पुस्तक लिहिण्यामागची निकड तीच आहे.

पण निराश होऊन हे लिहिलेलं नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी वालाचे, घेवड्याचे, भाताचे, पालेभाज्यांचे गावठी वाण शोधून, लावून, वाटून घरातच बियाण्यांची बँक उभी केली. शाळेत न गेलेल्या या बाईंना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बी फडताळात ठेवून टिकत नाही, ते दरवर्षी मातीत जावं लागतं, आणि ते आपल्या ऋतूतच जावं लागतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि महाराष्ट्रात एक वाट उघडली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने पुढे तेंदूपत्ता तोडणंच थांबवलं. पानासाठी फांद्या छाटतात, वणवे लावतात, मग टेंभुर्णीला, म्हणजे तेंदूच्याच झाडाला, फळं धरत नाहीत. ती फळं गावाला आणि पाखरांना खायला मिळावीत म्हणून ग्रामसभेने रोख पैशावर पाणी सोडलं. जंगल ज्यांच्या ताब्यात आहे ते लोक जंगलाची वेळ पाळतात, याचा याहून स्वच्छ दाखला मला ठाऊक नाही. कृषी विभाग ऑगस्टमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो, तेही चांगलं आहे. मात्र महोत्सवात भाजी विकणाऱ्या बाईला तिच्या डोंगरात जायला मज्जाव असेल तर महोत्सव अपुरा आहे.

मराठीत ऋतूंकडे डोळे उघडून पाहायला दुर्गाबाई भागवतांनी शिकवलं. त्यांचं ‘ऋतुचक्र’ 1956 चं. महिन्यामहिन्याने झाडं, आभाळ, पाखरं, गंध यांच्याकडे पाहत जाणारं ते पुस्तक माझ्या पिढीच्या पुष्कळ जणींनी शाळेनंतर पुन्हा, आपलं म्हणून वाचलं. माझं हे लेखन त्या वाटेवरचं असलं तरी स्वयंपाकघराच्या दारातून गेलेलं आहे. झाड ओळखणं आणि ते शिजवता येणं यांत एक पायरी आहे, ती दुर्गाबाईंनाही जवळची होती.

पुस्तक वापरावं कसं, तेवढं सांगते. ते सलग वाचायची गरज नाही. जे नक्षत्र चालू असेल ते प्रकरण उघडा आणि त्या आठवड्यात जवळच्या बाजारात जा. कृतींमध्ये वाटी-चमच्याची मापं शक्य तिथे दिली आहेत; पण भाजी विकणारीला कृती विचारा आणि तिची कृती माझ्यापेक्षा वेगळी असेल तर तिचं ऐका, कारण तिच्या डोंगरातला कंद आणि माझ्या माहितीतला कंद यांत फरक असू शकतो. बांबूचे कोंब कच्चे कधीही खाऊ नका. बारीक चिरून भिजवायचे, पाणी फेकायचं, उकळायचे, तेही पाणी फेकायचं. रानअळंबी स्वतः खुडू नका. पुस्तकातलं चित्र बघून अळंबी ओळखणं जिवावर बेततं, म्हणून या पुस्तकात अळंबीचं एकही चित्र नाही. फोडशी पातीने घ्या, मुळासकट उपटलेली मिळाली तर विकणारीला सांगा की पात तेवढी द्या; तिच्याच गोतातल्या सफेद मुसळीची मुळं औषधासाठी खणून खणून डोंगर रिते झाले आहेत.

आणि सुरुवात करायचीच असेल तर टाकळ्यापासून करा. तो कुणाच्या मालकीचा नाही, खुडल्याने संपत नाही आणि ओळखायला सोपा आहे: मेथीसारखी दिसणारी पण मोठी, गोलसर पानं, जोडीजोडीने, रात्री मिटणारी. पहिल्या पावसानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत, रोप वीतभर झालं असताना, शेंड्याकडची कोवळी पानं तेवढी खुडायची. हमरस्त्याच्या कडेचा आणि औषध फवारलेल्या शेताच्या बांधावरचा घ्यायचा नाही. कांदा, लसूण, सुकी मिरची, मूठभर भिजवलेली डाळ, वरून ओलं खोबरं. सोबत तांदळाची भाकरी.